ठणठणी आणि जोडाची

टू पीस बॅट म्हणजे दोन बॅटी, असं समजून मी शाळेसाठी एक बॅट मागवली.

ज्याला हे वाचून हसू येईल त्याने आधी आमच्या तुमसरच्या बाजारात तासभर उभं राहून दाखवावं. तिथं पीस म्हणजे नग. समोसेवाला विचारतो, “किती पीस देऊ?” कापडवाला ब्लाउजपीस मोजतो. ट्यूबलाइट पीसवर मिळते, कोंबडीही कापून झाली की पीसवरच येते. अशा मुलखात जन्म काढलेल्या माणसापुढे नागपूरच्या खेळसाहित्याच्या दुकानाचं रंगीत पत्रक आलं. त्यात सॉफ्टबॉलच्या एका बॅटीखाली ‘वन पीस’ छापलेलं, दुसरीखाली ‘टू पीस’, आणि टू पीसचा भाव जरा चढा. माणूस काय समजणार? मी समजलो ते समजलो, वर मुख्याध्यापकांकडे जाऊन फुशारकीही मारली, “सर, दुकानदार भोळा दिसते. थोडे जास्त घेऊन दोन देऊन राहिला.”

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. “भोळा कोण ते पार्सल आल्यावर पाहू.”

आणि मी शिकवत काय होतो? मराठी. म्हणजे एकवचन आणि अनेकवचन. काठी, काठ्या, पेटी, पेट्या. सिहोऱ्याकडच्या एका गावात शाळा, तिथंच घर, आणि वर्षानुवर्षं पोरांना एकाचे अनेक करायला लावून त्यांची बोटं दुखवलेली. तो मास्तर एका बॅटीच्या वचनात नापास झाला.

सॉफ्टबॉल माझ्या गळ्यात पडला तो बुटांमुळे. शाळेतल्या पीटीच्या सरांची बदली झाली आणि त्यांचा खेळ कुणाकडे द्यायचा असा प्रश्न निघाला. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कुणी नजरेला नजर देईना, तेव्हा ते पायांकडे पाहू लागले. सगळ्यांच्या पायात चपला. माझ्या टाचेला कुरूप होतं म्हणून माझ्याच पायात तेवढे पांढरे कॅनव्हासचे बूट. “हे खेळाडू वाटतात,” ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

जाणाऱ्या सरांनी मागं ठेवलेली इस्टेट अशी: एक बॅट, टाके उसवलेले चेंडू, दोघींत एक पुरतील एवढे हातमोजे, आणि खेळाचं वेड लागलेल्या मुली. चेंडू शिवता येतात, मुलींचं काय करायचं ते मला कळेना. मला नियम येत नव्हते आणि त्यांना सगळे येत होते. पहिल्या दिवशी मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, “पळा, रन काढा!” तेव्हा त्यांची कॅप्टन जवळ आली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “सर, आपण आता फिल्डिंग करून राहिलो.”

ही कॅप्टन म्हणजे अंगापिंडानं धानाच्या काडीएवढी. दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि डोळे सतत चेंडूवर, चेंडू नसला तरी. घरची शेती. कापणीच्या दिवसांत सकाळी घरचं धान कापून मग शाळेत यायची, त्यामुळे विळ्यानं सोललेले हात घेऊनच ती बॅट धरायची.

शाळेचं मैदान मुलांच्या कबड्डीनं अडवलेलं होतं. म्हणून हलकं, लवकर येणारं धान निघालं की आम्ही शाळेमागच्या रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, खेळायचो. चारी बाजूंनी धुरा, मधे धसकटं, आणि पलीकडे बोडी, म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. तिच्यात म्हशी बसलेल्या. सिमेंटच्या पोत्यांत धानाच्या काड्यांचं तणस भरून आम्ही बेस केले होते. एकदा खेळ रंगात आला असताना कुणाची तरी गाय आली आणि दुसरा बेस खाऊन गेली. धावत आलेली पोट्टी रिकाम्या पोत्यावर उभी राहून विचारते, “सर, मी आउट का सेफ?” मी म्हणालो, “गाईले विचार.” त्या तणसाचा वास अजून कुठं आला की मला आधी ती गाय आठवते आणि मग ते सगळं.

आणि ती जुनी बॅट. ॲल्युमिनियमची, मुठीपासून टोकापर्यंत एकच नळी, कुठं सांधा नाही का शिवण नाही. पत्रकाच्या भाषेत वन पीस. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं ठणठणी. चेंडू मधोमध लागला तर असा ठण्ण आवाज निघायचा की बोडीतल्या म्हशी माना वर करायच्या. पण चेंडू जरा इकडे मुठीजवळ किंवा तिकडे टोकाला लागला तर तोच ठणका हातात शिरायचा, कोपरातून वर चढायचा आणि दाढेत जाऊन बसायचा. थंडीत तर विचारू नका. सकाळच्या गारठ्यात पोरी एक फटका मारायच्या आणि बॅट टाकून दोन्ही हात काखेत दाबून गोल गोल फिरायच्या. म्हशींना वाटत असेल, हा खेळाचाच भाग आहे.

कॅप्टनची अडचण तिथंच होती. नजर पक्की, वेळ साधायची हातोटी पक्की, पण ठणक्याच्या भीतीनं ती अर्ध्यातच हात आवरून घ्यायची. चेंडू टप्पे खात समोरच्या पोरीच्या हातात जायचा.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी बजावून ठेवलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही दरवर्षी भंडाऱ्याला जायचो, पहिल्या फेरीत हरायचो, तर्री-पोहे खायचो आणि परत यायचो. ते म्हणाले, “पोहे खायला एवढ्या दूर जायची गरज नाही. यंदाही पहिल्याच फेरीत परत आलात तर हा तास बंद. तिथं मुलींना शिवणकाम.”

मी ही बातमी बांधीत सांगितली. मग कॅप्टनने आपले हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाली, “मले सुई धरताच येत नाही जी. टोचते.”

“आणि बॅट?”

“ते भी टोचते. पण तिचं टोचणं चालते.”

तेव्हा मी दोन नव्या बॅटींची घोषणा केली. त्या संध्याकाळी बांधीत जो आनंद झाला तो मी अजून विसरलेलो नाही. दुसरी बॅट कुणी घरी न्यायची, कुणाच्या घरी उंदीर नाहीत, यावर दोघींची कट्टी झाली. बॅट यायच्या आधीच कट्टी.

पार्सल आलं. लांबोडकं खोकं. मी ते वर्गातच फोडलं, एक बॅट काढली आणि हात आत घालून दुसरी चाचपू लागलो. खोकं उलटं केलं. झटकलं. आत डोकं घालून पाहिलं. कॅप्टन म्हणाली, “सर, एकच आहे.” मी आतूनच म्हणालो, “थांब, पाहून राहिलो.”

दुकानदाराला फोन लावला. “एक पीस आलाच नाही.”

“सर, टू पीस ही भेजा है.”

“दुसरा कुठे आहे?”

“उसीमें है, सर. एक ही में दो.”

मी फोन ठेवला आणि बॅट नीट पाहिली. मूठ काळी, कसल्याशा कडक धाग्याची दाबून केलेली. पुढचा दांडा चंदेरी धातूचा. आणि दोहोंच्या मधे एक सांधा, त्यावर रबरी कडं. मी टोंगळ्यावर, म्हणजे गुडघ्यावर, ठेवून दोन्हीकडून दाबली. किंचित लवली. आमच्याकडे ‘जोडाचं’ या शब्दाला एकच अर्थ आहे. जोडाची खाट, जोडाचा दांडा, जोडाची बकेट. आधी मोडलेलं आणि मग कुणीतरी सांधलेलं. एकात दोन म्हणतो लेकाचा! दोन तुकडे झालेली बॅट जोडून माझ्या गळ्यात मारली!

तरी मी घाईनं निकाल दिला नाही. माझी आई भांडी घ्यायची तेव्हा मी तिच्याबरोबर असायचो. आमचा जिल्हा पितळेचा. भांडं कसं पारखायचं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. आई बोटाच्या पेरानं पाण्याच्या गुंडावर टिचकी मारायची आणि कान लावायची. ठण्ण वाजलं की अख्खं. थद्द वाजलं की कुठंतरी तडा, मग दुकानदार कितीही शपथा घेवो. मडकं असो का पितळेचा गुंड, कान खोटं बोलत नाही. मी डाव्या हातात ठणठणी घेतली, उजव्या हातात नवी. फरशीवर आपटून पाहिलं. ठणठणी ठण्ण. नवी थद्द. पुन्हा आपटलं. ठण्ण. थद्द.

“फुटकी आहे,” मी जाहीर केलं.

“सर,” कॅप्टन म्हणाली, “गाडगं नाही ते.”

“धातूचा गुण सगळीकडे सारखाच असते,” मी म्हणालो. मराठीचा मास्तर धातूंवर बोलू लागला की क्रियापदापुरतंच ऐकावं, पण हे तिला कोण सांगणार?

तरी त्या संध्याकाळी तिनं हट्ट करून ती फुटकी बॅट बांधीत नेलीच. मी धुऱ्यावर बसलो होतो. गार वारा सुटलेला. पहिलाच चेंडू मुठीजवळ लागला. मी डोळे मिटले, आता ही हात काखेत घालणार म्हणून. डोळे उघडले तर ती बॅटीकडे पाहत उभी. दुसरा चेंडू. तिचा हात या वेळी अर्ध्यात थांबला नाही, पूर्ण फिरला. थद्द असा मुका आवाज झाला आणि चेंडू धुऱ्यावरून, माझ्या डोक्यावरून, सरळ बोडीत. म्हशींना कळलंच नाही. ती दोन्ही तळवे दाखवत माझ्याकडे पळत आली. “सर, हाताले काहीच होत नाही! मुंग्या भी नाही!”

शहाण्या माणसानं तिथंच हात जोडले असते. मी म्हणालो, “तेच त चिन्ह आहे. तडकलेल्या भांड्यातून आवाज येत नाही, तसा हिच्यातून ठणका येऊन नाही राहिला. दोन-चार दिवसांत मधूनच तुटंन आणि कोणाच्या तोंडावर बसंन.”

तिनं बॅट मागं धरली. “तुटली त तुटली.”

“आण इकडे.”

त्या रविवारी मी घरच्या ओसरीत बसून बॅटीची दुरुस्ती केली. नळाची गळती बुजवायला दोन वड्या मळून एक करतात तो मसाला आणला आणि सांध्यावर चारही बाजूंनी थापला. वाळला तशी त्यावर बंधन तार ओढून गुंडाळली, पक्कडीनं पीळ दिला. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. बायको तांदूळ निवडत समोर बसली होती. ती आंबागडची, किल्ल्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याची लेक, आणि माझ्या कामाकडे बिनशब्दांचं पाहण्याची तिला सवय आहे. बऱ्याच वेळानं म्हणाली, “काहून एवढं आवळून राहिले?”

“हलते.”

“मंग हलू द्या ना. कोणाचं काय घेऊन राहिली?”

मी टोंगळ्यावर बॅट दाबून पाहिली. आता ती तसूभरही लवत नव्हती. फरशीवर आपटली. ठण्ण वाजली! मला काय अभिमान वाटला सांगू. नागपूरच्या माणसानं दोन तुकड्यांची पाठवलेली बॅट मी माझ्या हातानं एकजीव केली होती.

सोमवारी बांधीत कॅप्टननं ती हातात घेतली. आधी वजनानं टोक खाली गेलं. मग तिनं ट्यूबच्या पट्टीवरून बोट फिरवलं. “सर, हात मोडल्यावर प्लास्टर करते तसं केलं.” एक फटका मारला, बॅट खाली टाकली आणि हात काखेत घालून गोल गोल फिरू लागली. बाकीच्या पोरी तिच्याभोवती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, सवय होईल.

भंडाऱ्याला गेलो ती सकाळ कडाक्याची. मी माकडटोपी घालून, दोन्ही बॅटी पोत्यात गुंडाळून एसटीतून नेल्या. समोरचा संघ शहरातल्या शाळेचा; त्यांच्याकडे बॅटींसाठी वेगळी पिशवीच होती. सामन्याआधी पंच बॅटी तपासतात हे मला तिथं कळलं. पंच एक उंच बाई होत्या. त्यांनी माझी बॅट उचलली आणि ट्यूबची पट्टी पाहून थांबल्या.

“हे काय आहे?”

“बॅट.”

“बॅट दिसून राहिली. वरचं काय आहे?”

“दुरुस्ती, मॅडम. जोड हलत होता.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माकडटोपीतून माझे डोळे आणि नाक एवढंच दिसत असणार. त्या म्हणाल्या, “सर, तो हलायसाठीच असते.”

“म्हणजे?”

“मूठ वेगळी, दांडा वेगळा, मधे जोड. चेंडू वाईट लागला का जोड लवते आणि धक्का तिथंच जिरते. हातापर्यंत येत नाही. याच्यासाठीच त लोक दोन तुकड्यायची घेतात. तुम्ही काय केलं?”

मी काय केलं होतं ते त्यांच्या हातातच होतं. त्यांनी बॅट माझ्याकडे परत दिली. “ही घेऊन खेळाडू उभी राहिली त ती बाद, आणि तुम्ही मैदानाच्या बाहेर.”

माझ्या मागं मुली उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं. मी वळून बघायचं टाळत माकडटोपी काढून झटकत बसलो, जी झटकायची काही गरज नव्हती. कॅप्टन पुढं आली आणि पोत्यातून ठणठणी ओढून काढली. “चला,” ती पोरींना म्हणाली.

सामना पुढं-मागं होत गेला. आमच्या पोरी पळायला वाऱ्यासारख्या, चेंडू अडवायला भिंतीसारख्या, पण बॅट हातात आली की ठणका आणि काख, ठणका आणि काख. शेवटच्या डावात एका धावेनं मागं, दोन पोरी बेसवर, दोघी बाद, आणि बॅट घेऊन कॅप्टन. मला डोळ्यासमोर शिलाई मशीन दिसू लागली.

पहिला चेंडू मुठीजवळ. ठण्ण नाही, नुसता ठणका, आणि चेंडू रेषेबाहेर, फाउल. तिनं बॅट टाकली. मी ओरडलो, “हात चोळ!” दुसरा टोकाला. फाउल. तिनं या वेळी बॅट टाकली नाही, पण तिचे ओठ पांढरे पडलेले मला दुरून दिसले. मी पुन्हा ओरडणार, तेवढ्यात तिनं हात वर करून मला गप्प केलं. पंचांना नव्हे, मला.

मग तिनं तळहातांवर फुंकर मारली आणि मूठ धरली ती वेगळीच. सैल. पहाटे धान कापताना बायका विळा धरतात तशी. आवळून धरला तर दिवसभर हात टिकत नाही म्हणून बोटांतच झुलता ठेवलेला. चेंडू आला. हात पूर्ण फिरला.

ठण्ण.

त्या मैदानावर म्हशी नव्हत्या, नाहीतर सगळ्या उठून उभ्या राहिल्या असत्या. चेंडू दोघी मुलींच्या मधून कुंपणापर्यंत गेला आणि आमच्या दोन्ही पोरी घरी पोचल्या. मी नाचत मैदानात शिरलो, चुन्याच्या पट्टीवर घसरलो आणि बसलो. कुणी उचललं नाही. सगळ्या तिच्याभोवती होत्या. मी पांढरा होऊन बसून राहिलो आणि ती हसत, दोन्ही तळवे सगळ्यांना दाखवत म्हणत होती, “मधात लागलं का हाताले समजतच नाही, मायबाई! समजतच नाही!”

दुसऱ्या फेरीत आम्ही सडकून हरलो. कुणाला काही वाटलं नाही. तर्री-पोहे त्या दिवशी जास्त तिखट होते, आणि मुलींनी माझ्या ताटातली शेवही खाल्ली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा कावडीनं धानाचे भारे आणत, तवा पाहिलं नाही का तुम्ही? बांबू लवते म्हणून खांदा वाचते. लोखंडाची कावड कोणी करते का?” लग्नानंतर सासऱ्यांच्या मागं मीही ती कावड खांद्यावर घेऊन चाललेलो. पावलागणिक वर-खाली होणारी, जड असून हलकी. म्हणजे मला सगळं आधीपासून माहीत होतं, फक्त खांद्याला माहीत होतं, डोक्याला नव्हतं.

पुढं शाळेत दुसरी, धड जोडाची बॅटही आली आणि मी दोन्ही जातींच्या बॅटींबरोबर बरीच वर्षं काढली, कारण मुख्याध्यापकांनी शब्द पाळला आणि सॉफ्टबॉलचा तास राहिला. शिलाई मशीनही आलीच. तिच्यावर मुलींनी पहिल्यांदा काय शिवलं असेल तर कापडी बेस, गाईला चावता येणार नाही असे. या वर्षांत माझं मत असं झालं की एकसंध बॅट आमच्या मुख्याध्यापकांसारखी. चुकलात की तिथल्या तिथं हातावर. पण नीट मारलं तर तुमचा सगळा जोर चेंडूला, मधे कुणी खात नाही. दणकट पोरींना तीच आवडायची. जोडाची बॅट म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली काकू. पोराची चूक मधल्या मधे जिरवते, बाहेर बोभाटा होऊ देत नाही, आणि काडीएवढ्या पोरीच्या हातात स्वतः लवून वर थोडा जोर भरते. कुठली चांगली म्हणून मला विचाराल तर मी सांगणार नाही. माझा सल्ला ऐकून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

माझी एकजीव केलेली बॅट मुख्याध्यापकांनी मला घरी न्यायला लावली. “हा नग तुमच्याकडेच शोभतो,” म्हणाले. नग म्हणजे एकच, हे त्यांनी बोट वर करून दाखवलं. तेव्हापासून ती आमच्या दाराआड उभी असते. माकडं छपराच्या कवेलूंवर उतरली की मी ती घेऊन अंगणात जातो आणि पायरीवर आपटतो. ठण्ण वाजते. माकडं थोडा वेळ माझ्याकडे बघतात आणि पुन्हा कवेलू उचलायला लागतात.

आता मी निवृत्त आहे. कॅप्टन करडीकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुली तिला मॅडम म्हणतात, वेण्या गेल्या, डोळे अजून चेंडूवरच. या हिवाळ्यात ती आपला संघ घेऊन आमच्या शाळेशी मैत्रीचा सामना खेळायला आली. त्याच बांधीत. तिच्या पोरींकडे बॅटींची वेगळी पिशवी होती. सामना झाल्यावर सगळ्या पलटणीला घेऊन ती घरी आली, ओसरीत बसली आणि दाराआड बघत म्हणाली, “सर, आहे का अजून?”

मी बॅट आणून दिली. तिनं पक्कड मागितली. पोरींना भोवती बसवून तिनं ट्यूबची पट्टी कापली, तारेचे पीळ एकेक करून उलगडले, आणि वाळून दगड झालेला मसाला हळूहळू फोडून काढला. आतून ते रबरी कडं निघालं, जसंच्या तसं. तिनं बॅट टोंगळ्यावर ठेवून दाबली. लवली. इतक्या वर्षांनी, किंचित, पण लवली. मी दुसरीकडे बघू लागलो, कारण पोरी माझ्याकडे बघत होत्या.

“जिवंत आहे जी सर,” ती म्हणाली. मग ती बॅट आणि पिशवीतली एक वन पीस घेऊन तिनं पोरींना दोन्हींतला फरक सांगायला सुरुवात केली. माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, “असं नाही, वाजवून दाखव त्यांना.” तिनं फरशीवर आपटली. एक थद्द, एक ठण्ण. मी पोरींकडे वळलो. “आमची आई सांगायची, थद्द वाजलं तर तडा, ठण्ण वाजलं तर अख्खं. फक्त बॅटीले हे लागू नाही, एवढंच मी चुकलो. बाकी कुठंही वाजवून पाहा, ठण्ण वाजलं का समजायचं...”

बायको आतून चहाचं ताट घेऊन आली आणि कॅप्टनपुढं ठेवत म्हणाली, “ठण्ण त रिकामं भी वाजते, पोरी. या तुझ्या सरायचं डोस्कं वाजवून पाहा.”